भिंत त्यांची, मोरी कुणाची?



धरणाचे भूमिपूजन करायला मंत्री येतो तेव्हा तो भिंतीची लांबी सांगतो, उंची सांगतो, किती कोटी खर्च होणार ते सांगतो. पाटी लागते ती भिंतीवर. फोटो निघतो तो भिंतीसमोर. पण शेतकऱ्याला पाणी भिंतीतून मिळत नाही. पाणी मिळते मोरीतून आणि जास्तीचे पाणी जाते सांडव्यावरून. नुसती भिंत म्हणजे दार नसलेली कणगी. तिच्यात दाणे भरले काय आणि न भरले काय, घरच्यांच्या ताटात काही पडायचे नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लहान धरणाच्या नकाशात दोन जागा अशा असतात की सगळे तिथे ठरते. खाली मोरी. ती किती उंचीवर बसवली, केवढी ठेवली आणि तिची चावी कोणाच्या हातात दिली, यावर पाणी कोणाला मिळणार हे ठरते. वर सांडवा. तो किती लांब ठेवला आणि त्याचे पाणी कुठे नेऊन सोडले, यावर पुरात कोणाचे घर जाणार हे ठरते. या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला न विचारता कचेरीत ठरतात आणि विचारले तर उत्तर येते, 'ही तांत्रिक बाब आहे, तुम्हाला कळायची नाही.' बाब तांत्रिक आहे हे खरे. पण कळायची नाही हे खोटे. उताराच्या शेताला बांध घालताना एका बाजूला सांडवा ठेवावा लागतो, नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो, हे आमच्या घरातल्या पोरालाही कळते. धरण म्हणजे तोच बांध, मोठा केलेला.

ठाण्याचे उदाहरण कशासाठी?

यवतमाळच्या कापूसवाल्याने आणि परभणीच्या ज्वारीवाल्याने ठाणे-कल्याणच्या धरणांची चौकशी का करावी, असे कोणी विचारील. तिकडे पाऊस धो धो, पीक भाताचे, आणि वस्ती शहराची. आपला काय संबंध? संबंध असा की, शहर आणि कारखाने वाढले की धरणाची मोरी कोणाकडे वळते, हे ठाणे जिल्ह्यात सगळ्यात आधी घडले. तिथे जे घडून गेले ते आपल्याकडे घडू लागले आहे.

शहापूर तालुका पाहा. त्या भागातल्या तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. १९५७ साली मोडकसागर झाले. पुढे भातसा झाले. २०१४ मध्ये मध्य वैतरणा झाले. एवढ्या धरणांच्या मुलुखात उन्हाळा लागला की पाड्यापाड्यांवर टँकर फिरतो. बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथे म्हण राहिलेली नाही, ते रोजचे जगणे आहे.

यात भातसा धरण तर पाटबंधारे खात्याचे. त्याच्या कागदावर सिंचन आहे, कालवे आहेत. पण पाणी मुख्यतः जाते ते नदीच्या वाटेने. धरणातून नदीत सोडायचे, खाली पिसे येथे उचलायचे आणि मुंबईकडे न्यायचे. नदीकडच्या वाटेत अडथळा आलेला चालत नाही, कारण महानगर एक दिवस तहानले तर मंत्रालय हादरते. कालव्यांची कामे मात्र वर्षानुवर्षे रखडली तरी कोणाची खुर्ची हलत नाही. एकाच धरणाला दोन तोंडे. एक तोंड सदा उघडे आणि दुसऱ्याला कालव्याची वाट पाहायला लावलेली.

बारवी धरण तर औद्योगिक विकास महामंडळाने बांधले. बदलापूरजवळचे हे धरण १९७२ साली उभे राहिले. धरणातून सोडलेले पाणी नदीने वाहत येते, खाली जांभूळला उचलून शुद्ध करतात आणि कारखान्यांना व शहरांना पुरवतात. शेतीला पाणी देण्यासाठी हे धरण बांधलेलेच नाही. जमीन दिली मुरबाडच्या शेतकऱ्याने आणि आदिवासीने, पण नकाशात त्याच्या नावाची मोरीच नव्हती. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली. शेवटच्या टप्प्यात ती ४ मीटरने वाढवून ७२.६० मीटरपर्यंत नेली, सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव पातळीपर्यंत पाणी भरले. साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३४० दशलक्ष घनमीटरवर गेला.

हा हिशेब ध्यानात ठेवा. वरच्या फक्त ४ मीटरमध्ये जवळजवळ एक तृतीयांश पाणी मावले. धरण खाली अरुंद आणि वर पसरट असते, म्हणून वरचा प्रत्येक मीटर पाणीही जास्त धरतो आणि जमीनही जास्त गिळतो. सांडव्याची पातळी थोडी उचलली म्हणजे कागदावर रेघ थोडी वर सरकते, पण जमिनीवर गावेच्या गावे उठतात. बारवीच्या काठच्या गावांना घरदार, नोकरी आणि मोबदला यासाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले ते या रेघेपायी.

दुष्काळी मुलुखाचे पाणी कल्याणला कसे गेले?

आता याहून जुनी गोष्ट ऐका. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना उल्हास नदीचे पाणी येते. उन्हाळ्यातही ही नदी वाहती राहते त्याचे एक मोठे कारण घाटावर आहे. मावळात आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण आहे. आंध्रा ही इंद्रायणीला आणि इंद्रायणी भीमेला मिळणारी. म्हणजे हे पाणी निसर्गाने पूर्वेला, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला धाडलेले. टाटांच्या वीज कंपनीने धरणाची वाट पश्चिमेला काढली. पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात पाडले आणि १९२२ पासून ते उल्हास नदीत जाऊन मिळते आहे. खोपोली आणि भिरा येथेही हेच झाले. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो याच साखळीतल्या धरणाविरुद्ध.

त्या काळी वीज पाहिजे होती, मुंबईच्या गिरण्या चालवायच्या होत्या. त्या गिरण्यांत कापूस कोणाचा होता हे सांगायला नको. आज गिरण्या गेल्या, पण पाण्याची वाट बदलली नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याने आभाळाकडे पाहायचे आणि भीमेच्या खोऱ्यातल्या पाण्याने कोकणात उतरायचे, हे शंभर वर्षांपूर्वी एका नकाशावर ठरले. भिंत भीमेच्या खोऱ्यात, तोंड उल्हासच्या खोऱ्यात! मोरी कुठल्या बाजूला काढली यावर पिढ्यांचे नशीब कसे ठरते ते यावरून समजावे.

आणि हे जुने झाले असे म्हणू नका. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रमांक उद्योगाला दिला होता आणि शेती तिसरी होती. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी द्यायचे ठरले तेव्हा वऱ्हाडातला शेतकरी रस्त्यावर आला. गदारोळ झाला तेव्हा कुठे २०११ मध्ये शेतीचा क्रमांक उद्योगाच्या वर आला. कागदावर क्रमांक बदलला, पण धरणात बसलेले पाइप आपोआप उपटून निघत नाहीत.

सांडवा: भिंत वाचवणारी जागा

आता आपल्या गावच्या लहान धरणाकडे येऊ. दोन हजार हेक्टरपर्यंत भिजवणारे ते लघु पाटबंधारे. यातली बहुतेक धरणे मातीची. मातीच्या धरणाचा एक नियम आहे. पाणी भिंतीवरून एकदा वाहू लागले की भिंत गेली. दगडी भिंत काही वेळ तग धरील, मातीची धरत नाही. पाणी मातीत घळ पाडते आणि काही तासांत सगळे खाली येते. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण आहे.

सांडवा किती लांब ठेवायचा हे पुरावर ठरते. जुन्या मुंबई इलाख्यात इंग्लिस नावाच्या इंजिनिअरने सह्याद्रीकडच्या नद्यांवरून एक सूत्र बसवले, ते आजही वापरतात. त्याप्रमाणे १० चौरस किलोमीटर पाणलोटातून सेकंदाला सुमारे २७५ घनमीटर पूर धरावा लागतो. आता हा पूर सांडव्यावरून दीड मीटर जाडीने जाऊ द्यायचा असेल तर सांडवा साधारण ८८ मीटर लांब हवा. आपल्या पठारावर पूर कमी धरतील, पण हिशेबाची रीत हीच.

इथे गोम आहे. सांडवा सहसा धरणाच्या कडेला कठीण मुरमात किंवा खडकात खोदावा लागतो. खडक फोडायला पैसा लागतो. मग अंदाजपत्रकात काटछाट करायची वेळ आली की कात्री सांडव्यावर चालते, कारण भिंत सगळ्यांना दिसते आणि सांडवा कोणी मोजत नाही. ८८ मीटरचा सांडवा ६० मीटर केला तर काय होते? तेवढाच पूर जायला पाण्याची जाडी दीड मीटरऐवजी जवळपास १.९४ मीटर होते. म्हणजे पाणी ४४ सेंटिमीटर, दीड फूट, वर चढते. भिंतीचा माथा आणि पुराचे पाणी यांच्यात जी मोकळी उंची सोडलेली असते तिला इंजिनिअर फ्री बोर्ड म्हणतात. तो दीड फूट त्यातून गेला. लाटा त्याच्यावर उसळणार. भिंत खचून थोडी बसली असेल तर तेही त्यातूनच जाणार. खर्च कोणाचा वाचला आणि जीव कोणाचा पणाला लागला?

दुसरी गोष्ट. लहान धरणासाठी भारतीय मानकाने, १९८५ च्या ११२२३ क्रमांकाच्या मानकाने, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरायला सांगितले आहे. शंभर वर्षांतून एकदा म्हटले की आपल्याला वाटते, आपल्या हयातीत काही येत नाही. पण हिशेब तसा नाही. दर साली शंभरात एक अशी शक्यता धरली तर पन्नास वर्षांत तो पूर किंवा त्याहून मोठा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे. धरणाच्या पायथ्याशी ज्यांची घरे आहेत त्यांनी शंभरात चाळीसचा जुगार खेळायचा काय? खाली वस्ती असेल तर पूर यापेक्षा मोठा धरला पाहिजे, हे सांगायला मानकाची वाट पाहायची गरज नाही.

आणि पाऊस आता जुन्या वहीप्रमाणे पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कल्याण, बदलापूरपासून उल्हासचा काठ बुडाला. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर माणसे बोटींनी काढावी लागली. गुजरातेत मोरबीच्या वरचे मच्छू धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले, कारण सांडव्याने जेवढे पाणी वाहून न्यायचे ठरवले होते त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त पूर आला. भिंत ओलांडून पाणी गेले आणि शहर धुऊन निघाले.

यात आपल्यासाठीही एक इशारा आहे. काही गावांत पावसाळा संपताना सांडव्यावर वाळूची पोती रचतात किंवा दगडमातीचा बांध घालतात, म्हणजे दोन फूट पाणी जास्त राहील. परतीचा एक मोठा पाऊस झाला की ती पोती काढायला माणूस सापडत नाही. दोन फूट पाण्यासाठी सगळे धरण गमावू नका. साठा वाढवायचा असेल तर भिंत आणि सांडवा दोन्ही हिशेबाने वाढवून घ्या आणि ते काम खात्याकडून लेखी करून घ्या.

सांडव्यावरून पडलेले पाणी कुठे जाते हाही सवाल आहे. ते नाल्यापर्यंत नेणारी चारी अंदाजपत्रकात असते, जागेवर कित्येकदा अर्धीच असते. मग दर पावसाळ्यात खालच्या शेतकऱ्याची काळी माती खरवडून जाते. त्याची जमीन संपादनात नाही, म्हणून मोबदला नाही. तो धरणग्रस्तही नाही आणि लाभधारकही नाही.

मोरी: पाणी आणि पाझर दोन्हींची वाट

मोरी म्हणजे मातीच्या भिंतीच्या पोटातून आरपार गेलेली नळी. मातीच्या धरणातली सगळ्यात नाजूक जागा हीच. भिंतीच्या मध्यभागी काळ्या मातीचा गाभा असतो, ज्या मातीत आपण कापूस आणि ज्वारी पिकवतो तीच ती माती. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मोरीच्या कडेला रूळ जात नाही. तिथली माती थरथर टाकून, बेताचे पाणी मारून, हाताने धुमसावी लागते. ठेकेदाराला घाई असली की हे धुमसणे राहते. मग पाणी नळीतून न जाता नळीच्या बाहेरच्या अंगाने वाट काढते. आधी पाझर, मग गढूळ पाझर, मग भगदाड.

पानशेत विसरून चालणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले, पुणे बुडाले. तिथे मोरीचे आणि तिच्या दाराचे काम पुरे झालेले नसताना पावसाळ्याचे पाणी अडवले गेले. मोरीवरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली, पण पोत्यांनी मोरीची चूक दुरुस्त होत नाही. त्याला साठ वर्षे होऊन गेली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसच्या वर माणसे गेली. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, धरण खेकड्यांनी फोडले! शेतकऱ्याच्या तक्रारीपेक्षा खेकड्याची नांगी सरकारला जास्त जोरकस वाटते. समजा, खेकड्यांनी बिळे केली. मग बिळे बुजवायची आणि भिंतीची देखभाल करायची जबाबदारी कोणाची, खेकड्यांच्या पंचायतीची?

गळती दिसली तर पहिला उपाय म्हणजे पाणी कमी करणे. इथेही मोरीच कामाला येते. वीस लाख घनमीटरचा लहान तलाव घ्या. त्याची मोरी सेकंदाला पावणेदोनशे लिटर सोडणारी असेल तर तलाव रिकामा व्हायला निदान १३२ दिवस लागतील. साडेचार महिने! भिंतीला तडा गेलेला आणि तलाव उतरवायला साडेचार महिने. म्हणून पाणी देण्यापुरती मोरी पुरत नाही, संकटात तलाव उतरवणारे मोठे दारही हवे. हे किती अंदाजपत्रकांत असते ते आपापल्या जिल्ह्यात तपासून पाहा.

मोरी केवढी? पीक कोणते ते आधी सांगा

आता मुख्य मुद्दा. मोरीचा आकार पिकावर ठरतो. ऊसवाल्याला वर्षभर थोडेथोडे पाणी लागते. आपल्याला तसे लागत नाही. कपाशीला बोंडे भरताना पावसाने ओढ दिली तर एक पाळी. रब्बी ज्वारी पोटरीत असताना एक पाळी, जमली तर दुसरी. पण ते पाणी सगळ्यांना एकाच पंधरवड्यात लागते. त्या पंधरवड्यात मिळाले तर घरात धान्य, नाही तर कडबा.

हिशेब करू. तीन इंचाची एक पाळी म्हणजे हेक्टरी ७५० घनमीटर पाणी. २०० हेक्टरांना एक पाळी म्हणजे दीड लाख घनमीटर. ते १५ दिवसांत द्यायचे तर शेतावर सेकंदाला ११६ लिटर पडले पाहिजे. चारीत तिसरा हिस्सा मुरतो असे धरले तर मोरीतून सेकंदाला सुमारे १७५ लिटर सुटले पाहिजे. हीच पाळी ६० दिवसांत द्यायची ठरवली तर मोरी पावपट पुरते, खर्चही कमी आणि कालवाही लहान. पण साठाव्या दिवशी ज्याचा नंबर आला त्याची ज्वारी कधीच वाळून गेली. वरच्या दहा जणांचा ऊस मात्र हिरवागार. लहान मोरी आणि लहान कालवा यांचा अर्थ असा की कोरडवाहू पिकाला त्या धरणात जागाच ठेवलेली नाही. पुढे अधिकारी म्हणतात, 'शेतकरीच पाणी मागत नाहीत.' पाणी वेळेवर येत नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून ते पाणी शहराला किंवा कारखान्याला द्यायला मोकळे!

आणि पाणी राखून ठेवण्यातही आपला फायदा नाही. आपल्या मुलुखात उघड्या तलावातून वर्षाकाठी दीड-दोन मीटर जाडीचे पाणी उन्हाने उडून जाते. उथळ तलावात मार्चला राखलेले पाणी मे महिन्यात आभाळाचे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठ्या मोरीने दिलेली एक पाळी हजारो एकरांची ज्वारी तारून नेते.

मोरीचे तळ कोणत्या पातळीवर आहे हेही विचारा. त्याच्या खालचे पाणी म्हणजे मृत साठा. गाळासाठी तो ठेवावा लागतो हे बरोबर. पण मृत साठा शेतकऱ्यासाठी मृत असतो, सगळ्यांसाठी नाही. आमचे पाणी उताराने येते, म्हणून मोरीच्या तळाखालचे एक थेंबही आम्हाला मिळत नाही. जलाशयात विहीर खोदून पंप बसवणाऱ्याला ती अट नाही. २०१३ आणि २०१६ च्या दुष्काळात जायकवाडीच्या मृत साठ्यातून पाणी उचलले गेले हे मराठवाड्याने पाहिले आहे. तहानलेल्याला पाणी द्यावे, त्याला आमची ना नाही. पण मोरी जितकी उंच तितका शेतकरी लवकर बाहेर, आणि उरलेला साठा पंपवाल्याचा, हा कायदा विधानसभेत मंजूर न होता काँक्रीटमध्ये मंजूर झालेला असतो.

नकाशा बदलतो तो कोणासाठी?

उल्हास नदीवरच, कर्जत तालुक्यात, कोंढाणे धरणाचे प्रकरण झाले. मूळचे लहान पाटबंधाऱ्याचे काम. त्याची उंची ३९ मीटरवरून ७१ मीटरवर नेली आणि खर्च कित्येक पटींनी वाढला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१६ मध्ये ठाण्याच्या न्यायालयात आरोपपत्र दाखल केले. धरण पुढे सिडकोकडे, म्हणजे नव्या शहरांच्या पाण्यासाठी, गेले. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. आमचा सवाल वेगळा आहे. ३९ मीटरच्या भिंतीसाठी आखलेला सांडवा आणि मोरी ७१ मीटरला चालत नाहीत. पाया बदलतो, पूर बदलतो, नळीवरचा दाब बदलतो. सगळा नकाशा नव्याने करावा लागतो. नकाशा एवढा बदलतो आणि ज्यांच्या शेतीच्या नावाने तो पहिल्यांदा काढला, त्यांना कोणी बोलावूनही विचारत नाही.

शेजारी मुरबाडला काळू धरणाचे काम वनखात्याची परवानगी पुरी नसताना सुरू झाले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले, तेही गावकरी आणि त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या म्हणून. त्याच साली साऱ्या राज्याला कळले की दहा वर्षांत सिंचनावर सुमारे सत्तर हजार कोटी रुपये गेले आणि सिंचन वाढले म्हणे एक टक्क्याचा दहावा हिस्सा. भिंती झाल्या. मोऱ्या आणि चाऱ्या राहिल्या.

कोणी म्हणेल, मग शहरांनी तहानेने मरावे काय? नाही. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत आणि झोपड्यांत राहणारे कोण आहेत? कापसाला भाव नाही, ज्वारीला पाणी नाही, म्हणून गाव सोडून गेलेली आपलीच पोरे आहेत. आमचे भांडण त्यांच्या हंड्याशी नाही. आमचे भांडण आहे ते सिंचनाच्या नावाने जमीन घेऊन, सिंचनाची मोरी न काढता पाणी दुसरीकडे फिरवण्याच्या धंद्याशी. शहराला पाणी हवे तर शहराने उघडपणे मागावे, त्याची किंमत द्यावी, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे, आणि ज्याची जमीन बुडाली त्याच्या शेताला पहिली मोरी द्यावी.

जिल्हा मेळाव्यापुढे ठेवायचे सवाल

धरण सुरक्षितता कायदा २०२१ साली झाला. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर, आणि त्याखालच्या तलावांना लागूच नाही. आपली बहुतेक गावतळी आणि पाझर तलाव त्याबाहेर राहतात. तेव्हा राखण आपल्यालाच करावी लागेल. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. प्रत्येक गावाने आपल्या तलावाबद्दल पुढील गोष्टी लेखी मागाव्यात.

१. पाणलोट किती, पूर किती धरला, कोणत्या सूत्राने?
२. सांडव्याची लांबी नकाशात किती आणि जागेवर किती? टेप घेऊन जा आणि मोजा.
३. पुराच्या वेळी पाणी किती चढणार आणि त्यावर भिंत किती उरणार?
४. सांडव्याची चारी नाल्यापर्यंत पुरी झाली आहे काय? नसेल तर खालच्या शेतकऱ्याची भरपाई कोण देणार?
५. मोरीचे तळ कोणत्या पातळीवर? त्याखाली पाणी किती आणि ते कोण उचलतो?
६. मोरी सेकंदाला किती पाणी सोडते? किती दिवसांत सगळ्या लाभक्षेत्राची एक पाळी होते?
७. मोरीचे दार शेवटचे कधी उघडून पाहिले? गळती असेल तर पाणी स्वच्छ आहे की गढूळ?
८. चावी कोणाकडे?

शेवटचा सवाल सगळ्यात महत्त्वाचा. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९१ पासून पाणी वापर संस्था करून वाघाड धरणाचे पाणी मोजून घेतले आणि आपसात वाटले. २००५ च्या कायद्याने ही वाट राज्यभर मोकळी झाली आहे. पण नादुरुस्त मोरी आणि अर्धा सांडवा संस्थेच्या गळ्यात बांधून खाते मोकळे होऊ पाहील, तेव्हा सावध राहा. आधी मोरी उघडून दाखवा, सांडवा मोजून द्या, मग सही.

मेळाव्याने ठराव करावा असा आमचा आग्रह आहे. नव्या धरणाचा नकाशा, सांडव्याची लांबी आणि मोरीची पातळी मराठीत लिहून ग्रामसभेपुढे वाचल्याशिवाय एक गुंठाही जमीन द्यायची नाही. कोरडवाहू पिकांना पंधरा दिवसांत एक पाळी देईल एवढी मोरी नसेल तर त्या धरणाला सिंचनाचे धरण म्हणू द्यायचे नाही. आणि झालेल्या धरणाचा वापर बदलायचा असेल तर ज्यांच्या नावाने जमीन घेतली त्यांची लेखी संमती आधी.

भूमिपूजनाच्या दिवशी भिंतीला हार घालायला त्यांना जाऊ द्या. आपण टेप घेऊन सांडव्यावर जाऊ आणि मोरीच्या तोंडाशी बसू. पाणी तिथून येते.